निळ्या दांड्याची पळी

आत्याच्या शिवणखोलीत निळ्या दांड्याची एक पळी आहे. ती अन्नाला कधी लागत नाही. नव्या गणवेशांच्या कॉलरांना लावायची खळ आत्या तिने ढवळते आणि काम झालं की धुऊन खिळ्याला अडकवते. एखादं नवं गिऱ्हाईक विचारतं, एवढी चांगली परदेशी पळी, मग स्वयंपाकघरात का नाही? आत्या म्हणते, "तिने एक गुन्हा केलाय. माझ्याबरोबर." मग तोंडात टाचण्या धरून ती मापं घ्यायला लागते. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला पुढचं काही विचारता येत नाही.

मी ही गोष्ट दोघांकडून ऐकली आहे, आत्याकडून आणि थोरल्या काकांकडून. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की प्रत्येक जण दुसऱ्याला जास्त हट्टी म्हणतो.

आत्या आमच्या वडिलांची धाकटी बहीण. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून लहानपणापासून घरात तिचं नाव टाचणी. नवरा लवकर गेला. तेव्हापासून ती शाळांचे गणवेश शिवते. तिच्याकडचा गणवेश घेतला की आतल्या बाजूला दोन बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं सापडतं. पोर वाढलं की उसवून सोडायचं. बाकीचे शिंपी हे करत नाहीत, कारण पोर वाढलं की नवा गणवेश लागावा हेच त्यांच्या फायद्याचं. आत्याला विचारलं तर म्हणते, "पोर वाढणार हे मला माहीत आहे, मग माहीत नसल्यासारखं कसं शिवू?" तिचं सगळं शहाणपण मला या वाक्यात दिसतं. पण तिला तसं सांगितलं तर ती कात्री घेऊन अंगावर येईल.

थोरले काका तिचे मोठे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. नवरा गेल्यावर आत्याने त्यांना आपल्याकडे आणलं, की त्यांनी आत्याला आपल्याकडे आणलं, यावर अजून वाद आहे. घर दोघांचं आहे एवढं नक्की. काका जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले. छापलेल्या प्रत्येक ओळीवर संशय घ्यायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा. अशा माणसाला निवृत्ती मिळते ती फक्त पगारातून. घरात वाण्याची पुडी आली तर काका आधी पुडीचा कागद वाचतात, मग आतली साखर बघतात.

आमचं घर यहुद्यांचं. कोशर, म्हणजे धर्माला चालणारं अन्न, कसं असतं हे आजी शेजारणींना एका वाक्यात सांगायची: "मांस आणि दूध यांची आमच्याकडे गाठ पडत नाही." बाकी पुष्कळ आहे. जनावर नियमाप्रमाणे कापलेलं हवं, मीठ लावून रक्त काढलेलं हवं, माशाला खवले हवेत. पण रोजचं स्वयंपाकघर चालतं ते त्या एका वाक्यावर. दोन्हींची भांडी वेगळी, चमचे वेगळे, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. घोटाळा होऊ नये म्हणून भांड्यांना रंगाची खूण असते. बहुतेक ठिकाणी मांसाला तांबडी आणि दुधाला निळी. आमच्याकडे उलटं. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक निळं एनॅमलचं पातेलं आलं होतं. घरातलं ते सर्वांत मोठं, म्हणून ते मांसाकडे गेलं. दुधाच्या वाट्याला तांबड्या काठाचं उरलं. मग चमचे, झाकणं, फडकी सगळं त्यामागून. आमच्या घरात निळं म्हणजे मांस आणि तांबडं म्हणजे दूध, आणि आम्हा सगळ्यांना वाटायचं की जगच तसं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती मुरंब्याची. काका लहान असताना तापाने फणफणले होते आणि कडू औषध तोंडात धरून थुंकत होते. आजीने हात टेकले. तेव्हा आत्या, जेमतेम ओट्याला हात पोचणारी, गोळी कुटून मुरंब्यात मिसळून घेऊन गेली. काकांनी वाटीकडे पाहिलं. "यात काय आहे?" आत्या त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "नुसता मुरंबा. देवाशपथ." काकांनी वाटी चाटून पुसून खाल्ली. ताप उतरला. मग आजीने कौतुकाने सगळं फोडलं. तेव्हापासून काका मुरंबा खात नाहीत.

पुढे म्हातारपणी काकांच्या हृदयाची एक झडप बिघडली. इथल्या डॉक्टरांनी परदेशातल्या एका रुग्णालयाचं नाव सांगितलं. काकांबरोबर कोण जाणार, हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही. आत्याने गणवेशांचं काम कामावरच्या बायकांवर सोपवलं, एका पिशवीत सुई-दोरा, कात्री आणि भिंग घातलं, आणि गेली.

तिथल्या शल्यचिकित्सकाने काकांना पालथं-उताणं करून तपासलं आणि आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "झडप मी बदलू शकतो. पण हा माणूस नुसता सांगाडा आहे. असा माझ्या टेबलावर आला तर उठणार नाही. त्याला खायला घाला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा वजन बघेन. वाढलं असेल तर शस्त्रक्रिया, नाहीतर घरी न्या." घरी न्या म्हणजे काय, हे आत्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

आता खायला घालायचं, तर काय?

रुग्णालयाने आपल्या परीने सोय केली होती. कोशर जेवण म्हणून गोठवलेला डबा यायचा, दुहेरी कागदात बंद केलेला. त्या कागदाचाच सगळा भरवसा. तो शाबूत असला की आतल्या अन्नाला दुसऱ्या कशाचा स्पर्श नाही हे कळतं. पहिल्याच दुपारी एक गोड नर्स आली. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून तिने डबा बाहेरच उघडला होता, सगळ्यांच्या जेवणाबरोबर गरम केला होता, आणि वर चमचाही खोचून आणला होता. काकांनी तिला हसून धन्यवाद दिले आणि ती जाताच ताट दूर सारलं. दुसऱ्या दिवशी आत्या दारातच उभी राहिली आणि डबा बंद आहे तसा आणवला. काकांनी कागद उलटसुलट करून वाचला, मग एक घास खाल्ला.

"काय रे दादा?"

"हे कोशर आहे यात शंका नाही," काका म्हणाले. "अन्न आहे का, यात आहे."

आत्याने चव घेतली. ओला पुठ्ठा.

रुग्णालयासमोर नातेवाइकांसाठी एक वसतिगृह होतं. आत्या तिथे राहायची. मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, विजेच्या शेगड्या, खिडकीत कोणीतरी मागे सोडून गेलेली कुंडी. आत्याने नवं पातेलं विकत आणलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खोलीतल्या बाईने मोठ्या प्रेमाने त्यात डुकराचं मांस परतलं आणि पातेलं घासून, चकचकीत करून जागेवर ठेवलं. आत्याने तिचे आभार मानले आणि पातेलं तिलाच भेट देऊन टाकलं. पुढचं पातेलं ती पलंगाखाली ठेवायला लागली.

त्या पातेल्यात अंडी उकडली, बटाटे उकडले. मासळीच्या दुकानात जाऊन तिने खवल्यांचा अख्खा मासा दाखवायला सांगितला, पिशवीतून स्वतःची नवी सुरी काढून दिली आणि खुणांनी सांगितलं, हिनेच काप. दुकानदाराला वाटलं बाई वेडी आहे. मासा शिजवून तिने काकांपुढे ठेवला.

"खवले होते?" काकांनी विचारलं.

"होते."

"तू स्वतः पाहिलेस?"

आत्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि उशाशी उघडली. आत खवल्यांसकट माशाची कातडी होती. काकांनी ती भिंगाखाली धरून पाहिली, मग मासा खाल्ला, पण अर्धाच. आजाऱ्याच्या पोटात उकडलेला मासा किती जाणार?

आमच्या आईला ती रोज संध्याकाळी फोन करायची.

"वन्सं, खातायत का हो ते?"

"आज अर्धं अंडं खाल्लं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्यावर संशय आहे."

आई हसली.

आत्याने काकांपुढे धर्मही काढून पाहिला. "दादा, जीव वाचवायचा असेल तर काहीही खायची सूट आहे. आपल्याच धर्मात आहे. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"ज्याला दुसरं काहीच मिळत नाही त्याला सूट. मला अंडी मिळतायत."

"ती तरी कुठे खातोस?"

"सूट तू तुझ्या दुकानात दे, टाचणे. गिऱ्हाइकं वाढतील."

बाहेर कुठे कोशर खाणं मिळतं का, हे शोधत आत्या दुकानांतून हिंडायची. एका मोठ्या दुकानात ती बिस्किटांचा पुडा भिंगाखाली धरून त्यावरची कोशरची बारीक खूण शोधत होती. शेजारी एक परका माणूस चष्मा कपाळावर चढवून तोच पुडा नाकाशी धरून उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जगात पुड्यावरची ती खूण अशी शोधणारी माणसं एकाच प्रकारची असतात. तो यंत्रं विकत गावोगाव फिरणारा होता. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतर, सिनेगॉगच्या मागे तळघरात वाटसरूंसाठी एक स्वयंपाकघर आहे. जेवण कोशर आहे. मग जरा थांबून म्हणाला, "चांगलं आहे असं मी म्हणत नाही."

तळघराच्या दारात एक दांडगी बाई हातात पळी घेऊन उभी असायची. आत्याने तिचं नाव ठेवलं हवालदारीण. आत एका भिंतीला मांसाच्या शेगड्या, समोरच्या भिंतीला दुधाच्या, मधे धुतलेली भांडी निथळत ठेवायची एक लांब मांडणी. कोपऱ्यात स्टुलावर देखरेखीचे आजोबा; शेगडी पेटवायची ती त्यांनी, तांदूळ निवडून कीड नाही ना हे पाहायचं त्यांनी. कोंबड्याही त्यांच्याच डोळ्यांसमोर येत. आत्या म्हणते, त्या तळघरात पाय ठेवला आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. इथे काही वाचायचं नव्हतं.

सूप मात्र त्या विक्रेत्याने सांगितल्यासारखंच. पन्नास माणसांना पुरवलेलं, पातळ, खारट. आत्याने ते डब्यात घालून रुग्णालयात आणलं.

काकांनी दोन चमचे घेतले. "हे काय, न्हाणीचं पाणी?"

"कोशर आहे. आजोबा आहेत तिथे देखरेखीला."

"तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं ना. देवाशपथ."

काकांनी चमचा खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. आत्याला वाटलं, चव.

म्हणून तिने ठरवलं की आपणच शिजवायचं, त्या तळघरात. हवालदारणीने ऐकूनसुद्धा घेतलं नाही. पाहुण्यांनी शेगडीला हात लावायचा नाही. रांगेत उभी असताना आत्याला दिसलं, हवालदारणीच्या अंगावरच्या एप्रनची शिवण काखेत उसवली आहे. तिने सुई-दोरा काढला, मागून जाऊन बाईच्या अंगावरच चार टाके घातले आणि दोरा दातांनी तोडला. हवालदारीण हात वर करून पुतळ्यासारखी उभी. दुसऱ्या दिवशी आत्यापुढे एप्रनांचा ढीग येऊन पडला. ते सगळे तिने बाकावर बसून शिवले आणि प्रत्येकाला आत दोन बोटं कापड सोडलं, कारण हवालदारीण अजून जाड होणार हे तिला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी हवालदारणीने मांसाकडच्या भिंतीची कोपऱ्यातली शेगडी बोटाने दाखवली, एक लहान पातेलं पुढे सरकवलं आणि अर्धी कोंबडी दिली.

आत्याने आजी करायची तसं कोंबडीचं पाणी केलं. हाडं सावकाश उकळू द्यायची, लसूण ठेचून, मिरी भरडून, शेवटी मूठभर तांदूळ. तळघरातली माणसं मान वळवून बघायला लागली.

काकांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. "हे आईचं आहे," म्हणाले. मग दुसरा, तिसरा. आत्या श्वास धरून बसली होती. अर्धी वाटी झाली आणि काकांचा हात थांबला.

"हे तिथलंच?"

"तिथलंच. माझ्या हातचं."

"काल न्हाणीचं पाणी होतं. आज हे."

"मी केलं म्हणून."

"कोंबडी?"

"हवालदारणीने दिली. आजोबांच्या देखत आली. दादा, किती विचारशील?"

काकांनी वाटी हळूच बाजूला ठेवली. ते रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वाईट वाटल्यासारखं होतं आणि ते आत्याला कळलं नाही. ती तिथून निघाली ती नाकी नऊ येऊन. बेचव आणावं तर हा खात नाही, चवीचं आणावं तर हा अर्धं टाकतो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा काका उठून बसले होते. "आज परत करशील ते? बघू."

शुक्रवार होता. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत तळघर बंद होतं, मग शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी शेगडी पेटत नाही. आणि शब्बाथ सरला की काकांचं वजन होणार होतं. आत्या पळतच ट्राममध्ये चढली.

तळघरात शुक्रवारची घाई होती. हवालदारीण दारावर, भाज्यांच्या खोक्यांशी झगडत होती. आजोबा मोठ्या पातेल्यापाशी. आत्याने आपली कोंबडी चढवली. हाडं सुटायला लागली, वास बरोबर आजीच्या घरासारखा यायला लागला. तांदूळ बुडाला लागायला नको म्हणून तिने मागे हात केला, मांडणीवरची पळी घेतली आणि ढवळलं. चांगलं तळापासून, दोन-तीनदा. पळी परत ठेवायला वळली तेव्हा तिच्या हातात निळा दांडा होता, आणि मांडणीवर समोर निळ्या दांड्यांची सगळी ओळ, आणि ओळीच्या वर दुधाची पातेली.

हात चुकला नव्हता. हाताने बरोबर तेच केलं होतं जे जन्मभर केलं. निळं म्हणजे मांस. आजीच्या घरात त्याला चूक म्हटलं नसतं कोणी. सकाळी त्याच पळीने सगळ्यांची दुधातली खीर ढवळली होती. हे आत्याने येताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

आत्या सांगते, "कोणी बघितलं नव्हतं." आणि एवढं सांगून ती थांबते. मी एकदा विचारलं, मग मनात काय आलं? ती म्हणाली, "काय येणार? दादाने स्वतःहून मागितलं होतं. पहिल्यांदा." पुढे म्हणाली, "धुऊन ठेवली असती पळी, तर देवाला आणि मला सोडून कोणाला कळलं असतं? आणि देव काही रुग्णालयात वजन करायला येणार नव्हता." ती बटणाचं काज करत होती, टाके एकमेकांना चिकटून.

ती किती वेळ तशी उभी होती, तिला माहीत नाही. पातेलं खदखदत होतं. मग ती पळी हातात धरूनच आजोबांपाशी गेली आणि पळी त्यांच्यापुढे धरली. दुसऱ्या हाताने आपलं पातेलं दाखवलं. शब्दांची गरज पडली नाही. आजोबांचे डोळेच मोठे झाले.

हवालदारीण धावत आली आणि जे बोलायला लागली ते आत्याला एक अक्षर कळलं नाही, पण अर्थ सगळा कळला. रंग दिसत नाहीत का? डोळे आहेत का बटणं? आजोबांनी तिला हाताने गप्प केलं. पळीचा खालचा भाग बोटांनी मापला, पातेल्यात वाकून पाहिलं, ओठ हलवत हिशेब केला. पळीच्या साठपट सूप असतं, तर पळीला लागलेलं दूध नसल्यासारखंच धरलं असतं. त्या पन्नास माणसांच्या मोठ्या पातेल्यात हीच पळी बुडाली असती तरी चाललं असतं. पण हे पातेलं लहान. एका आजारी माणसापुरतं.

आजोबांनी मान हलवली. नाही.

"दुसरी कोंबडी?" आत्याने विचारलं.

हवालदारणीने रिकामे हात दाखवले. वर खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर चढलं होतं. कोंबडी असती तरी शिजवायला वेळ नव्हता.

पातेलं आत्यानेच उचललं. हवालदारीण पुढे झाली होती, पण आत्याने तिला हात लावू दिला नाही. लसूण, मिरी, सुटलेली हाडं, मऊ झालेला तांदूळ, सगळं तिने मोरीत ओतलं आणि वाफ तोंडावर येत असताना तिथेच उभी राहिली. मग वळून डबा पुढे केला. हवालदारणीने मोठ्या पातेल्यातलं सूप त्यात ओतलं, तेच पातळ, तेच खारट, आणि एक पाव वर ठेवला. दाराशी तिने आत्याचा खांदा धरला आणि इतक्या जोरात दाबला की तो रात्रभर दुखत होता.

ट्राममध्ये आत्याने डबा मांडीवर घट्ट धरला होता. ती मनात वाक्यं जुळवत होती. कोंबडी मिळाली नाही असं सांगू. शेगडी बंद होती असं सांगू. रुग्णालयाच्या जिन्यापर्यंत तिच्याकडे अशी बरीच चांगली वाक्यं जमली होती.

काका उशीला टेकून वाट पाहत होते. डब्याचं झाकण निघालं आणि त्यांनी वास घेतला.

"हे ते नाही."

"नाही."

"का?"

आत्याने जमवलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली. "मी मांसात दुधाची पळी घातली, दादा. निळी होती. आईच्या घरासारखा हात गेला. सगळं झालं होतं, अगदी तसंच झालं होतं, वास काय सुटला होता, आणि मी ते मोरीत ओतलं. आता हे न्हाणीचं पाणी आहे. प्यायचं तर पी, नाहीतर मर मेल्या, पण मला आणखी काही विचारू नकोस."

काका तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आत्याला वाटलं दम लागला, ती घंटेकडे धावली. पण ते हसत होते. "निळी," ते म्हणत होते. "आईची निळी! टाचणे, सातासमुद्रापार येऊन तू आईची निळी घातलीस!"

"हसू नकोस. कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं."

"कोणी नाही?"

"कोणी नाही."

"आणि तू ओतलंस."

"मग काय करू?"

काकांनी हसणं थांबवलं. हात पुढे केला. "वाढ."

"हे?"

"हेच. वाढ."

त्यांनी ते पातळ खारट सूप संपवलं. पावाने वाटी पुसली. मग पुन्हा वाटी पुढे केली. तोंड वाईट करत, प्रत्येक घोटाला नावं ठेवत, डब्याच्या तळापर्यंत गेले. आत्या बघतच राहिली. हा माणूस कालचं अमृत अर्धं टाकतो आणि आज हे पितो?

"कालचं का नाही संपवलंस मग?" तिने विचारलं. "काल तर आईच्या हातचं होतं."

काका वाटी न्याहाळत होते, मुद्रितावर चूक दिसावी तसे. "मुरंबा आठवतो?"

आत्याला एकदम काही आठवलं नाही. मग आठवलं.

"मी मरतोय म्हटल्यावर तू काय काय करशील ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कोंबडी आणशील आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणशील देवाशपथ. जितकं चांगलं लागत होतं तितकी माझी खात्री होत होती. तुला खोटं पाडायचं नव्हतं मला. म्हणून भूक नसल्यासारखं दाखवायचो."

"इतके दिवस?"

"इतके दिवस भूक होती, बये."

आत्या त्यावर काय बोलली हे दोघेही सांगत नाहीत. आत्या म्हणते तिने डबा धुतला. काका म्हणतात ती डबा धुताना पाठ करून बराच वेळ उभी होती आणि एवढ्या वेळात गणवेशांचा गठ्ठा धुऊन झाला असता.

त्यानंतर काका खायला लागले. आत्या रोज जायची, हवालदारणीने मांडणीवरच्या निळ्या पळ्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवल्या होत्या आणि आत्या आली की सगळ्यांना ओरडून सावध करायची. कोपऱ्यातल्या शेगडीवर पुन्हा आजीचं कोंबडीचं पाणी झालं. शब्बाथ सरताच झालेल्या तपासणीत वजन थोडंसंच वाढलेलं दिसलं होतं, पण शल्यचिकित्सकाने काट्याकडे पाहिलं, मग काकांच्या गालांकडे पाहिलं, आणि तारीख दिली. नवी झडप बसली. काका आता रोज संध्याकाळी आत्याच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरच्या पाट्या तपासतात. निघताना हवालदारणीने ती पळी कागदात बांधून आत्याच्या हातात दिली होती. दांडा लाकडाचा, त्यात काय मुरलं असेल सांगता येत नाही, म्हणून त्यांच्याही उपयोगाची उरली नव्हती. खिळ्याला आहे ती तीच.

पण मला आवडतो तो त्या शुक्रवारचा शेवट. ऊन गेलं होतं आणि शब्बाथ लागला होता. ती गोड नर्स आली, पहिल्या दिवशी डबा उघडून देणारी. रिकामी वाटी, रिकामा डबा पाहून तिने टाळीच वाजवली. काकांनी आत्याकडे बोट केलं आणि आपल्या छापील इंग्रजीत, एकेक शब्द तपासून, मोठ्याने सांगितलं, "ही माझी बहीण. आज हिने माझं सूप फेकून दिलं."

नर्सचा चेहरा पडला. तिने आत्याकडे रागाने पाहिलं, काकांचा हात हातात घेतला आणि त्यांची समजूत घालू लागली.

काका छाती फुगवून बसले होते.